बाटला कुठे ठेवायचा?

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला सकाळी सहाच्या सुमाराला उतरलात, तर कढईत वडे पडायच्या आधी एक आवाज कानावर येतो. लोखंड फरशीवरून फिरत गेल्याचा. तीनचाकी टेम्पोतून गॅसचे १९ किलोचे निळे बाटले, म्हणजे सिलिंडर, उतरत असतात. बाटलेवाला भरलेला बाटला जरासा कलता करतो आणि बुडाच्या कडीवर गोल फिरवत चालवत नेतो. हॉटेलामागच्या बोळातून आत, मोरी ओलांडून भटारखान्यात. वाकून ओट्याखालचा रिकामा ओढतो, भरलेला सरकवतो, पावतीवर सही घेतो आणि निघतो. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

तेवढ्यात त्याला जे दिसतं ते दुसऱ्या फारशा कुणाला दिसत नाही. नळी तडकली आहे. बाटला भट्टीला खेटून आहे. पीठ मळायच्या यंत्राचा प्लग बाटल्यापासून हातभरावर आहे. मागचं दार कांद्याच्या पोत्यांनी बुजलं आहे. आणि हे तो दर दोन-तीन दिवसांनी पाहतो. अग्निशमन दलाचा अधिकारी तिथे वर्षातून एकदा आला तरी हॉटेलवाला ते वर्ष लक्षात ठेवतो.

कामाच्या जागी गॅस धोक्याचा होतो तो बहुतेक वेळा बाटला कुठे उभा आहे त्यामुळे. ती जागा नियमित पाहणारा एकच माणूस आहे, आणि त्यालाच ‘इथे उतरवणार नाही’ म्हणायचा अधिकार नाही. तो त्याला द्यावा, एवढंच मला मांडायचं आहे. ऐकायला विचित्र वाटेल. महिन्याचा पगार आणि वर बक्षिशी यावर जगणाऱ्या माणसाच्या गळ्यात आणखी एक काम, असंही कुणी म्हणेल. त्याकडे येतोच.

आधी ‘निष्काळजीपणा’ या शब्दाबद्दल. हॉटेलात, गॅरेजात, फरसाणाच्या कारखान्यात भडका उडाला की दुसऱ्या दिवशी हा शब्द छापून येतो. गुन्हाही त्याच शब्दाने नोंदवला जातो आणि सापडतो तो वस्ताद म्हणजे मुख्य आचारी, नाहीतर व्यवस्थापक, नाहीतर हॉस्पिटलात पडलेला पोऱ्या. पण बाटला ओट्याखाली ठेवायचं वस्तादाने ठरवलं होतं का? तो कामाला लागला तेव्हा ओटा तिथेच होता आणि ओट्याखाली बाटल्याच्या मापाची खाचही होती. ज्याने गाळा बांधला, ज्याने तो ११ महिन्यांच्या करारावर हॉटेलासाठी भाड्याने दिला, ज्याने फर्निचर करून घेतलं, त्यांची नावं त्या कागदात नसतात. काळजी घेण्याइतकी जागाच ज्याला मिळाली नाही, त्याला निष्काळजी म्हणणं सोयीचं असतं.

जागेचा इतका बाऊ का, तर हा गॅस स्वभावानेच खाली बसणारा आहे. बाटल्यात तो दाबाखाली द्रव होऊन असतो; बाहेर आला की एका लिटरचे अडीचशेच्या आसपास लिटर होतात आणि ते हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतात. धूर वर जातो, हा पाण्यासारखा उतार शोधतो. गटाराची जाळी, लादीतला खड्डा, ओट्याखालची पोकळी. छताजवळचा पंखा भजीचा धूर ओढतो, या गॅसच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. उलट गळती झाल्यावर घाबरून पंख्याचं बटण दाबणं हीच पुष्कळदा पहिली ठिणगी असते. हवेत हा गॅस साधारण २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. आता हिशेब करा. दहा बाय बाराचा, दहा फूट उंचीचा गाळा घेतला तर त्या सगळ्या हवेत २ टक्के गॅस मिसळायला साधारण दीड किलो पुरतो. बाटल्यात १९ असतो. आणि तो सगळीकडे सारखा पसरत नाही, गुडघ्याच्या खाली साचतो, म्हणजे दीडसुद्धा लागत नाही.

अशा गाळ्याला पोटमाळा असतो. रात्री शटर ओढून पोरं वर झोपतात. गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं वासाचं रसायन मुद्दाम घालतात. पण वास खाली आणि नाक वर. खाली फ्रिज चालू असतो. त्याचा थर्मोस्टॅट रात्रभर आपला आपण चालू-बंद होत असतो, कुणी बोट न लावता.

बाटला आडवा पाडून ठेवण्याची पद्धतही याच जागेच्या गोष्टीत येते. वडापावच्या गाडीवर, चायनीजच्या टपरीवर हे सर्रास दिसतं. लोक म्हणतात, अडाणी आहेत, शेवटचा थेंब काढतात. थेंब काढतात हे खरं, पण मूळ कारण वेगळं आहे. मोठी भट्टी जेवढा गॅस मागते तेवढा एका बाटल्यात तयार होत नाही. द्रवाचा गॅस व्हायला उष्णता लागते; ती तो बाटल्याच्याच अंगातून घेतो, बाटला गार पडतो, अंगावर दव येतं, कधी बर्फाचा थर चढतो आणि ज्योत बसते. मग कुणी बाटला गरम पाण्याच्या टबात ठेवतो, कुणी आडवा करतो. आडवा केला की रेग्युलेटरमध्ये गॅसऐवजी द्रव घुसतो आणि ज्योत हातभर वर येते. यावरचा साधा इलाज म्हणजे दोन-तीन बाटले एकत्र जोडून सगळ्यांतून थोडा थोडा गॅस घेणं. इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. तीन बाटले उभे करायला तीन हात जागा लागते, तिथे गाडी अडते.

हे मी हॉटेलवाला म्हणून सांगत नाही. वागळे इस्टेटमधल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात मी बावीस वर्षं स्टोअर सांभाळलं. आमच्याकडचे बाटले वेगळे. काळा ऑक्सिजनचा, मरून रंगाचा डीएचा. डीए म्हणजे ॲसिटिलीन. तो नुसता दाबून भरता येत नाही, स्वतःच फुटतो, म्हणून बाटल्यात सच्छिद्र गाभा असतो, त्यात ॲसिटोन आणि त्यात विरघळलेला गॅस. आडवा ठेवलेला डीए लगेच कटरला जोडला तर ॲसिटोन नळीत येतो. ऑक्सिजन तर भरताना १५० किलोच्या दाबाने भरलेला. त्याच्या व्हॉल्व्हला तेलाचा हात लावायचा नाही हा पहिल्या दिवशी शिकवायचा धडा, आणि तरी एका मदतनिसाने अडकलेला नट सैल व्हावा म्हणून ग्रीस आणलंच होतं. वेळेवर दिसलं म्हणून वाचलो. मे महिन्यात पोरं कटरमधून ऑक्सिजन सोडून शर्टाच्या आत गार वारा घ्यायची. कापडात ऑक्सिजन मुरला की विडीची ठिणगी पुरते, हे मी घसा कोरडा करून सांगायचो. ती हसायची. मी वळलो की पुन्हा तेच.

सांगून फरक पडला नाही. फरक पडला तो एका ड्रायव्हरमुळे.

मालकाने पुरवठादार बदलला होता, थोडा दर कमी म्हणून. नव्या पुरवठादाराचा ट्रक आला. ड्रायव्हरने आमची शेड पाहिली: ऑक्सिजन आणि डीए शेजारी शेजारी, साखळी नाही, निम्म्या बाटल्यांना टोप्या नाहीत, वर पत्रा आणि खाली कटिंगचं टेबल. तो म्हणाला, “शेठ, साखळी लावा, दोन्ही वेगळे करा, मग उतरवतो.” मालक चिडला. ड्रायव्हरने ऑफिसला फोन लावून दिला आणि स्वतः बिडी ओढायला गेटबाहेर जाऊन उभा राहिला. (गेटबाहेर. हे मला तेव्हाही आवडलं होतं.) ऑफिसनेही तेच सांगितलं. काम थांबलं, जहाजदुरुस्तीची ऑर्डर होती, दंडाचं कलम होतं. तिसऱ्या दिवशी शेडबाहेर जाळीचा पिंजरा उभा राहिला, मध्ये विटांची भिंत, प्रत्येक बाटल्याला साखळी, आणि किल्ली माझ्याकडे. बावीस वर्षांत सुरक्षेवर सगळ्यात वेगाने झालेला खर्च तो. त्याआधी तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हेच मुद्दे लिहून दिले होते. तो कागद फाइलमध्ये होता, मीच लावला होता.

साहेबांचा कागद आणि ड्रायव्हरचं ‘नाही’ यांत फरक इतकाच की ड्रायव्हरकडे माल होता.

आता कायद्याकडे. कायदे कमी आहेत असं कुणी म्हणू नये. गॅस सिलिंडर नियम २०१६ चे आहेत, ते १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येतात आणि नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची सरकारी संघटना ते राबवते. त्यात एलपीजीचा साठा एका वेळी १०० किलोपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. १९ किलोचे पाच बाटले म्हणजे ९५ किलो. सहावा आणला तर पेसोचा परवाना, पाचापर्यंत कुणी विचारत नाही. शंभर किलोची सूट देताना मोकळं अंगण डोळ्यांसमोर असेल तर ती रास्त आहे. पण मापन किलोंचं आहे, जागेचं नाही. शंभर चौरस फुटांच्या गाळ्यालाही तीच सूट. महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं; पुष्कळ गाळ्यांत ती यंत्रणा म्हणजे देवाच्या फोटोखाली टांगलेला एक लाल नळकांडा. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी १० कामगार असले की कारखाना ठरायचा, आणि नव्या कामगार संहितेत तो आकडा २० वर गेला. भजी तळणारे सहा जण कारखाना होत नाहीत. अन्न परवाना देणारे स्वच्छता बघतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात तर एमआयडीसीचं अग्निशमन दल वेगळं आणि महापालिकेचं वेगळं. प्रत्येकाच्या नजरेत बाटल्याचा एक तुकडा येतो.

सगळे तुकडे जुळतात ते नंतर. १६ ऑक्टोबर २०१५ ला कुर्ल्याच्या एका हॉटेलात दुपारच्या जेवणाच्या वेळी आग लागून ८ जण गेले, बहुतेक कॉलेजची मुलं. महापालिकेने आपलं वैधानिक कर्तव्य बजावलं नाही असं म्हणत उच्च न्यायालयाने प्रत्येक कुटुंबाला ५० लाख रुपये द्यायला सांगितलं, ते २०२५ मध्ये. जवळजवळ दहा वर्षांनी. पालिकेला जबाबदार धरलं हे चांगलंच झालं. पण पालिकेकडे प्रत्येक भटारखान्यात दर आठवड्याला जाईल इतकी माणसं नाहीत, आणि उद्याही नसतील. बाटलेवाला मात्र जातो.

मग बाटला बाहेर का ठेवत नाहीत? ठेवून बघा. घंटाळीच्या, गोखले रोडच्या, वाशी सेक्टर नऊच्या कुठल्याही हॉटेलवाल्याला विचारा. दाराबाहेर, मोकळ्या हवेत, जाळीच्या पेटीत बाटला ठेवला की ती पेटी फुटपाथवर येते, आणि अतिक्रमणवाल्यांची गाडी पहिल्यांदा काय उचलते तर ती पेटी, बाटल्यासकट. बाहेर ठेवला तर अतिक्रमण, आत ठेवला तर आगीचा धोका. हॉटेलवाला दोन्हींत ज्याची गाडी जास्त वेळा येते त्याला घाबरतो. म्हणून बाटला ओट्याखाली जातो. माझ्या ओळखीच्या एका गाळेवाल्यांच्या रांगेने सहा जणांत वर्गणी काढून इमारतीच्या मागच्या बाजूला सामायिक पिंजरा केला, आतून पाइप प्रत्येकाच्या शेगडीपर्यंत नेला. काम नेटकं होतं. चार महिन्यांत त्यावर विनापरवाना बांधकामाची नोटीस चिकटली. नोटीस देणाऱ्याचंही चुकलं म्हणवत नाही. मागची मोकळी जागा मोकळीच ठेवायची असते, उद्या त्याच जागेत कुणी पिंजऱ्याच्या नावाखाली स्टोअररूम बांधेल. पण शौचालयाला, कचराकुंडीला, विजेच्या मीटरला इमारतीच्या नकाशात जागा असते, तशी दुकानाच्या गॅसला असू नये का? बांधकाम नियमावलीत व्यापारी गाळ्यांच्या रांगेसाठी मोकळ्या हवेतली, गटारापासून लांबची एक सामायिक जाळी सक्तीची करणं ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना जड जाऊ नये. जुन्या इमारतींत अशी जाळी अतिक्रमण नाही, एवढं एक परिपत्रक काढलं तरी निम्मी अडचण संपते.

पाइपचा गॅस आला की हे सगळं मिटेल, असं सांगणारे मित्र आहेत. महानगर गॅसची नळी जिथे पोचली आहे तिथल्या हॉटेलांनी ती घ्यावी, यात वाद नाही. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर निघून जातो, दाबही नावापुरता आणि साठा शून्य. पण कळव्याच्या चाळीखालची खानावळ, दिघ्याच्या झोपडपट्टीतला फरसाणवाला, स्टेशनाबाहेरची गाडी, यांच्यापर्यंत नळी जायला वेळ आहे. तोवर बाटला आहेच.

आता बाटलेवाल्यावरचा खरा आक्षेप. मागच्या दाराने घरगुती लाल बाटला हॉटेलात सोडणारा तोच तर असतो, असं मला कुणीही ऐकवेल. बरोबर आहे. घरगुती गॅसवर ५ टक्के जीएसटी आणि व्यापारीवर १८, वर मूळ दरातला फरक. इतकी तफावत असली की बाटला मागच्या दाराने जाणारच. २००० सालच्या नियंत्रण आदेशात घरगुती बाटला धंद्याला वापरायला आणि एका बाटल्यातून दुसऱ्यात गॅस भरायला बंदी आहे, दोन्ही चालतात. माझा प्रस्ताव अमलात आला तर काही हॉटेलवाले ‘नाही’ ऐकून सरळ लाल बाटल्याकडे वळतील, हेही मी धरून चाललो आहे. पण बाटलेवाला हे करतो ते वीस-तीस रुपयांसाठी. एक निळा बाटला नीट जागा पाहून उतरवण्याचे त्याला कंपनीने तेवढेच पैसे दिले तर? ज्याच्या प्रामाणिकपणाची किंमत आपण कधी मोजलीच नाही, त्याला आधीच चोर ठरवणं मला पटत नाही. आणि तपासणीला येणारे सगळे साहेब निष्कलंक असतात अशी तरी कुणाची समजूत आहे?

दुसरा आक्षेप पोटाचा. छोट्या धंद्याच्या पोटावर पाय येईल. इथे मी थोडा कठोर आहे. नवी नळी, एक साखळी, बाटला भट्टीपासून दूर न्यायचा पाइप हा खर्च एखाद्या आठवड्याच्या तेलापेक्षा कमी आहे. ज्याला तो झेपत नाही अशी हातगाडी असते, तिला कंपनीने ५ किलोचा छोटा बाटला आणि नळी हप्त्याने द्यावी. पण गाळ्याचं भाडं महिन्याला लाखाच्या घरात मोजणाऱ्याने पोटाचा हवाला देऊ नये. आणि भाडं घेणाऱ्याने तर नाहीच. हॉटेलासाठी गाळा देताना बाटल्याची जागा दाखवणं ही त्याची जबाबदारी करारातच लिहिली पाहिजे.

‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नुसता तोंडी देऊन भागत नाही, हेही मी पाहिलं आहे. आमच्या गल्लीतल्या हॉटेलात एक बाटलेवाला वर्षानुवर्षं यायचा. एकदा त्याने बाटला टेम्पोतच ठेवला. आत फोडणीचा जाळ आणि रिकाम्या बाटल्याच्या रेग्युलेटरमधून वास येत होता. “अण्णा, आधी हे बंद करा, खिडकी उघडा, वायसर बदलतो, मग देतो,” म्हणाला. गर्दीची वेळ होती. अण्णांनी एजन्सीला फोन केला. दुसऱ्या महिन्यापासून तो त्या लाइनवर दिसला नाही. भेटला तेव्हा कळलं, त्याला डोंगरातल्या चार मजली बिनलिफ्टच्या इमारतींची लाइन दिली होती. म्हणून लेखी हवं. एजन्सीच्या पावतीवर दोनच ओळी: बाटला कुठे उतरवला, आणि नसेल उतरवला तर का. ती पावती तेल कंपनीकडे जावी, एजन्सीकडे थांबू नये. ज्या दिवशी ‘नाही’ लिहिलं गेलं त्या दिवशी त्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या एजन्सीनेही बाटला देऊ नये, जागा बदलेपर्यंत. एवढी नोंद आज मोबाइलवर मिनिटात होते. आणि ‘नाही’ लिहिणाऱ्याची लाइन सहा महिने बदलायची नाही.

परवा त्याच हॉटेलात चहाला गेलो होतो. नवा पोरगा बाटला घेऊन आला, विशी-बाविशीचा. ओट्याखाली वाकताना त्याने एकदा नळीकडे पाहिलं, मग वस्तादाकडे, आणि काहीतरी बोलणार होता. वस्ताद म्हणाला, “ठेव रे लवकर, गिऱ्हाईक आहे.” त्याने ठेवला.